शेकरू आणि समुद्रातली एक पेशी

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. विज्ञान प्रकल्पासाठी 'दोन सजीवांची तुलना' असा विषय मिळाला आहे. भीमाशंकरच्या सहलीत पाहिलेले शेकरू आणि हिवाळ्यात मामाकडे गुहागरला रात्री लाटांमध्ये चमकणारे नॉक्टिल्युका हे दोन सजीव तिने निवडले. बाईंनी वही परत केली आणि "एक सस्तन प्राणी, दुसरे प्लवक, यांची तुलना होत नाही, वाघ आणि सिंह घे" असा शेरा मारला. मुलगी हट्टाला पेटली आहे. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला यातले काही कळत नाही. तिला विषय बदलायला सांगू का? नॉक्टिल्युका ही वनस्पती आहे की प्राणी? शिवाय 'दोघांपैकी अधिक प्रगत कोण?' असा एक मुद्दा शाळेनेच दिला आहे, तिथे काय लिहावे?
— एक आई, चिपळूण

सप्रेम नमस्कार ताई,

विषय बदलू नये, हे आधीच सांगून टाकतो. मात्र वहीची जी दोन पाने आपण पत्रासोबत पाठवली आहेत ती पाहिल्यावर बाईंचा शेरा अगदीच निराधार होता असेही मला म्हणवत नाही. मुलीने पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे शेकरू आणि उजवीकडे नॉक्टिल्युका असे रकाने पाडले आहेत, आणि पाय, डोळे, शेपूट, दात, हृदय, रक्त, घरटे असे मुद्दे घेत ती खाली उतरली आहे. उजव्या रकान्यात 'नाही' हा शब्द ओळीने सात वेळा आला आहे. अशा कोष्टकात शेकरूचे वर्णन होते आणि दुसऱ्याची नुसती गैरहजेरी लागते. मुद्दे सगळे शेकरूच्या अंगावरून उचललेले आहेत, मग समुद्रातल्या त्या बिचाऱ्या पेशीच्या वाट्याला नकाराशिवाय काय येणार?

यावरचा उपाय तिच्या मराठीच्या तासात मिळेल. उपमा अलंकार शिकताना उपमेय, उपमान आणि साम्यवाचक शब्द यांच्याबरोबर 'साधारण धर्म' ही एक गोष्ट सांगितली जाते. दोन वस्तू कितीही दूरच्या असोत, त्यांच्यात एक समान गुण सापडला की उपमा उभी राहते आणि तो सापडला नाही की ती ओढूनताणून आणलेली वाटते. विज्ञानातल्या तुलनेचेही तसेच आहे. वाघ-सिंहाच्या तुलनेत साधारण धर्म शोधावाच लागत नाही, म्हणून ती सोपी, आणि खरे सांगायचे तर थोडी आळशी. शेकरू आणि नॉक्टिल्युका यांच्या बाबतीत तो शोधावा लागेल. माझ्या मते तो एका मराठी शब्दात आहे: अधांतरी. दोघेही जमिनीला पाय न लावता, वर आणि खाली यांच्या मधल्या जागेत, सारा जन्म काढतात. एकाला वरून पडायचे नाही, दुसऱ्याला तळाशी बुडायचे नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. संस्कृतमध्ये 'प्लु' हा धातू तरंगणे आणि उड्या मारणे या दोन्ही अर्थांनी येतो. त्याच धातूपासून झाडांवरून उड्या मारत जाणाऱ्या माकडाला 'प्लवंग' म्हटले गेले (पंचांगातल्या साठ संवत्सरांत याच नावाचे एक आहे) आणि त्याच धातूपासून आपण अलीकडे प्लँक्टनसाठी 'प्लवक' हा शब्द घडवला. फांदीवरून फांदीवर झेपावणारा आणि पाण्यात तरंगणारा, हे दोघे भाषेच्या दृष्टीने एकाच घरातले निघतात. मुलीने प्रकल्पाची सुरुवात इथून केली तर बाईंचा अर्धा राग तिथेच विरघळेल असे मला वाटते.

आता 'अधांतरी कसे राहता?' हा एकच प्रश्न दोघांना विचारू.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि १९८५ मध्ये जाहीर झालेले भीमाशंकर अभयारण्य त्याच्यामुळेच ओळखले जाते. वजन दीड ते दोन किलो, डोके आणि धड मिळून हातभर नाही, आणि झुपकेदार शेपटी मात्र धडाहून लांब. मे महिन्याच्या अखेरीस भीमाशंकरच्या देवराईतल्या एका जांभळीखाली मी थांबलो असताना माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर टपकन एक जांभळा डाग पडला आणि मी मान वर केली. शेकरू मागच्या दोन पायांनी फांदीला धरून चक्क उलटे लोंबकळत होते. पुढच्या दोन्ही पंजांत जांभूळ धरून ते कणीस फिरवावे तसे फिरवत होते, आणि शेपटी फांदीच्या पलीकडच्या बाजूला तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखी सोडलेली होती. फळ खाऊन झाल्यावर ते फांदीवर चढले, क्षणभर थांबले आणि पुढच्या झाडावर गेले. मधले अंतर मी नंतर पावलांनी मोजले तेव्हा पंधरा फुटांच्या आसपास भरले. शेकरू २० फुटांपर्यंत झेप घेऊ शकते. लक्षात घ्यावे की ही झेप असते, उडणे नव्हे. पायांच्या मध्ये ताणलेली कातडी असलेली उडणारी खार हा वेगळा, निशाचर प्राणी आहे, आणि मुलीच्या वहीत 'उडणारे शेकरू' असे जे लिहिले आहे ते आधी खोडावे.

शेकरूचे अधांतरी राहणे असे स्नायू, नख्या, शेपटी आणि दिवसा नीट पाहणारे डोळे यांच्या जोरावर चालते. त्याचे घरटे काटक्या आणि पानांचे, फुटबॉलहून मोठे, आणि ते मुद्दाम अशा बारीक फांद्यांच्या बेचक्यात असते की जड शिकाऱ्याला तिथवर पोहोचता येऊ नये. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवते. या साऱ्याला खर्च फार. उष्ण रक्ताचा प्राणी असल्यामुळे अंगाची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, म्हणून दिवसाचा मोठा भाग खाण्यात जातो. आणि सर्वांत मोठी अट अशी की झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले हवेत. मध्ये रुंद रस्ता काढला किंवा दहा झाडे तोडली की त्याच्यासाठी वाट तुटली.

नॉक्टिल्युकाकडे यांतले काहीच नाही, तरी तीही वर राहते. नॉक्टिल्युका सिंटिलन्स हे तिचे पूर्ण शास्त्रीय नाव. एक पेशी म्हणजेच तिचे सगळे शरीर, आणि तरीही ती नुसत्या डोळ्यांना दिसते, कारण तिचा व्यास साधारणपणे अर्धा मिलिमीटर असतो आणि कधी दोन मिलिमीटरपर्यंतही जातो. रत्नागिरीजवळच्या एका किनाऱ्यावरून मी एकदा बादलीभर पाणी आणले होते. रात्री दिवे मालवून त्यात बोट फिरवले तेव्हा बोटाच्या मागे निळी रेघ उमटली आणि लगेच विझली. सकाळी तेच पाणी काचेच्या पेल्यात घेऊन भिंगाखाली धरले, तर भिजवलेल्या रव्याचे कण तरंगावेत तसे पारदर्शक गोळे दिसले. सफरचंदाला देठापाशी खळगा असतो तशी प्रत्येकाला एक खळी, आणि त्या खळीतून निघालेला एक आखूड, वळवळणारा तंतू.

तो तंतू पोहण्यासाठी वापरता येत नाही, तो अन्न ओढून घेण्यासाठी असतो. नॉक्टिल्युकाला जवळजवळ पोहताच येत नाही. तिचे तरंगणे रसायनशास्त्रावर चालते. तिच्या पेशीचा बहुतेक भाग म्हणजे एक मोठी रिक्तिका, द्रवाने भरलेला फुगा म्हणा, आणि खरे पेशीद्रव या फुग्याच्या कडेने व आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पातळ धाग्यांनी पसरलेले असते. त्या फुग्यातल्या द्रवात समुद्राच्या पाण्यातले जड आयन (म्हणजे विद्युतभार असलेले कण) कमी आणि त्यांच्या जागी हलके अमोनियम आयन भरपूर असतात. बाहेरच्या पाण्याइतकाच खारट, पण वजनाला किंचित हलका, असा द्रव पोटात साठवून ती वर येते. शेकरू गुरुत्वाकर्षणाशी दर उडीला झुंजते, तर ही पेशी आपली घनता थोडी कमी ठेवून तो प्रश्नच मिटवते. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकल्पाचा गाभा एवढाच आहे, आणि मुलीने चार पाने लिहिली तर त्यांतली दोन यावर खर्च करावीत.

आकाराबद्दल एक गंमत तिला नक्की आवडेल. 'एकपेशीय म्हणजे अगदी सूक्ष्म' असे आपण गृहीत धरतो. शेकरूच्या अंगात अब्जावधी पेशी आहेत, पण त्यांतली सामान्य पेशी एक-दोन शतांश मिलिमीटरची असते. नॉक्टिल्युका व्यासाने तिच्या पंचवीस ते पन्नास पट भरते. म्हणजे पेशीला पेशी लावली तर थोरली समुद्रातली. अपवाद आहे तो शेकरूच्या मज्जापेशींचा. पाठीच्या कण्यातून मागच्या पंजापर्यंत जाणारा मज्जापेशीचा तंतू वीतभर लांब असतो, पण केसाहून कितीतरी बारीक.

मज्जापेशींचा विषय निघालाच आहे तर चमकण्याबद्दलही सांगतो, कारण तिथे दुसरे साम्य लपलेले आहे. लाट फुटली, मासा घासून गेला किंवा आपण पाय टाकला की नॉक्टिल्युकाच्या पृष्ठभागावर दाब पडतो. त्या दाबाने रिक्तिकेच्या पटलावरून एक विद्युत आवेग धावतो, त्यासरशी पेशीतल्या बारीक कणांमध्ये आम्लता वाढते, आणि त्या कणांतले ल्युसिफेरेज हे विकर ल्युसिफेरिन या द्रव्याशी क्रिया घडवून निळा प्रकाश सोडते. एक लखलखाट सेकंदाच्या दहाव्या भागातच आटोपतो. आता शेकरूकडे पाहा. वर घिरट्या घालणाऱ्या गरुडाची सावली डोळ्यांत पडली की त्याच्या मज्जातंतूंतूनही विद्युत आवेगच धावतो, आणि ते फांदीला चिकटून निपचित पडते किंवा कर्कश आवाजाने रान उठवते. तपशील वेगळे आहेत, पण पटलाच्या आतबाहेर आयनांचा तोल क्षणभर बिघडवून निरोप पाठवण्याची युक्ती दोघांकडे आहे. निळ्या ठिणगीचा हेतू काय, यावर एक प्रसिद्ध मत असे आहे की ती चोर आल्यावर वाजणाऱ्या घंटेसारखी आहे: नॉक्टिल्युकाला खायला आलेला सूक्ष्म कवचधारी जीव त्या उजेडात उघडा पडतो आणि त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाच्या नजरेस येतो.

आता आपला दुसरा प्रश्न. नॉक्टिल्युका वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. ती डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय गटातली आहे, आणि या गटाचे जवळचे नातेवाईक म्हणजे मलेरियाचा परजीवी ज्या गटात मोडतो तो गट. प्लवक म्हटले की लोक 'समुद्रातली सूक्ष्म वनस्पती' असे धरून चालतात, पण नॉक्टिल्युका अन्न गिळते. डायटम नावाची एकपेशीय शैवले, इतर सूक्ष्म जीव, माशांची अंडीसुद्धा तिला चालतात. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की अरबी समुद्रात तिचा हिरवा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्या प्रकारात तिच्या फुग्यामध्ये हजारो हिरव्या शैवलपेशी पोहत असतात. त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि यजमानिणीला त्याचा वाटा मिळतो. स्वतःची शेती पोटात बाळगणारी शिकारीण, असे वर्णन मुलीने केले तर मी त्याला पूर्ण गुण देईन. या नात्यागोत्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वहीत जरूर यावी: वंशवृक्षात शेकरू नॉक्टिल्युकापेक्षा पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीला जवळचे आहे. प्राणी आणि कवके यांची फांदी एक, आणि डायनोफ्लॅजेलेटांची फांदी त्यांच्यापासून शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. तरीसुद्धा केंद्रक आणि तंतुकणिका या दोन गोष्टी त्या जुन्या सामायिक पूर्वजाकडून दोघांनाही मिळालेल्या आहेत. 'नाही, नाही'च्या रकान्यात इथे ठळक 'आहे' लिहिता येईल.

यावरूनच 'अधिक प्रगत कोण' या मुद्द्याचे उत्तर निघते, आणि ते शाळेला आवडेल की नाही हे मला सांगता येणार नाही. सामायिक पूर्वजापासून आजपर्यंत दोघांनी सारखीच वर्षे काढली आहेत. त्या काळात नॉक्टिल्युका वाट पाहत थांबलेली नव्हती, तिचीही उत्क्रांती चालूच होती. शेकरूने कामे वाटून दिली, म्हणजे पाहायला डोळा, पचवायला जठर, निरोपाला मज्जातंतू. नॉक्टिल्युकाने तीच कामे एका पटलाच्या आत बसवली. मुलीने त्या मुद्द्याखाली 'अधिक गुंतागुंतीचे शरीर शेकरूचे, एका पेशीत अधिक कामे नॉक्टिल्युकाची' असे लिहावे आणि 'प्रगत' हा शब्द नम्रपणे टाळावा. गुण कापले गेले तर तेवढे सोसावे.

मला स्वतःला या जोडीत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट संख्येची वाटते. शेकरूची मादी एका वेळेला एक किंवा दोन पिले देते. नॉक्टिल्युका दोन भागांत विभागते, आणि विभागल्यावर आई कोणती व लेक कोणती हे विचारण्यात अर्थ उरत नाही. एकीच्या दोन, दोनांच्या चार असे वीस वेळा झाले की दहा लाखांहून अधिक होतात. मुलीला हा गुणाकार स्वतः करू द्यावा. त्यामुळे शेकरू कमी झाले की आपण काळजी करतो आणि नॉक्टिल्युका वाढली की काळजी करावी लागते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात ईशान्येकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांनी वरचे पाणी थंड होऊन खालच्या पाण्यात मिसळते, पोषकद्रव्ये वर येतात आणि प्लवकांची भरघोस वाढ होते. पूर्वी या वाढीत डायटमांचे राज्य असे. या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या जागी हिरवी नॉक्टिल्युका दिसू लागली. हेल्गा डो रोझारिओ गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा संबंध वरच्या थरांत पसरणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. या कारणाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण बदल झाला हे उघड आहे. डायटम खाणाऱ्या बारीक जीवांवर मासे जगतात, तर नॉक्टिल्युका खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे प्राणी, ज्यांना बाजारात गिऱ्हाईक नाही. शिवाय दाट वाढ एकदम मेली की पोटातला अमोनिया पाण्यात उतरतो, कुजण्यात ऑक्सिजन संपतो, आणि मासे मरतात. गुहागरला मुलीने पाहिलेली निळी लाट सुंदर होतीच. कोळीवाड्यातल्या माणसाला ती पाहून काय वाटते, हे तिने मामाच्या ओळखीच्या एखाद्या मच्छीमाराला विचारून प्रकल्पात घालावे. वाघ-सिंहाच्या कोणत्याही वहीत असे काही मिळणार नाही.

एक सावधगिरी. रात्री चमकणारे प्रत्येक पाणी नॉक्टिल्युकाचेच असते असे नाही. तिच्या गटातल्या इतरही काही जाती चमकतात. म्हणून शक्य असल्यास मामांनी स्वच्छ बाटलीत थोडे पाणी भरून, बाटलीत वर हवा ठेवून, सावलीतून लवकर आणून द्यावे. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटे थांबावे, मग बाटलीला टिचकी मारावी. सकाळी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली खळी आणि तंतू असलेले गोळे दिसले तर नाव निश्चित लिहावे, नाही तर 'बहुधा' असे लिहावे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकूनही प्रकाश पडतो, कारण आम्लता बाहेरून वाढते, पण त्यात पेशी मरतात, तेव्हा तो प्रयोग एकदाच, आणि बाईंच्या समोर करावा. शेकरूच्या बाबतीत निरीक्षण दुरूनच. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे, आणि घरटे पाडून आणणे तर सोडाच, खाली पडलेले दिसले तरी ते तिथेच राहू द्यावे.

राहता राहिली चित्रे. वहीत दोन्ही सजीव एकाच आकाराचे काढले आहेत, आणि ते पाहून कुणाचाही समज होईल की नॉक्टिल्युका नारळाएवढी असते. नॉक्टिल्युका दहा सेंटिमीटर रुंद काढली तर ती मूळ आकाराच्या २०० पट झाली. त्याच प्रमाणात नाकापासून शेपटीपर्यंत ८० सेंटिमीटरचे शेकरू काढायचे तर कागद १६० मीटर लांब लागेल, म्हणजे शाळेचे मैदानही पुरायचे नाही. म्हणून शेकरू २० सेंटिमीटरचे काढून त्याखाली 'मूळ आकाराच्या एक चतुर्थांश' आणि नॉक्टिल्युकाखाली 'मूळ आकाराच्या २०० पट' असे लिहायला तिला सांगावे, आणि जमल्यास शेकरूच्या चित्राशेजारी पेन्सिलीचे टोक नुसते टेकवून एक ठिपका द्यावा. या चित्राच्या प्रमाणात नॉक्टिल्युका त्या ठिपक्याहूनही लहान भरेल.

आपला,
सदरलेखक